तळं तालुक्याचे सदावर्ते

माझे वडील गलबतावर खलाशी होते आणि सहीच्या जागी अंगठा उठवायचे. आई कोळंबी सोलायला जायची. संध्याकाळी तिची बोटं इतकी सुजलेली असत की भाकऱ्या थापायला शेजारीण येई. घरात पुस्तक म्हणावं असं एकच, माझं शाळेचं, आणि तेही मामूच्या मुलाचं जुनं. अशा घरातून निघून, रत्नागिरीत वसतिगृहात राहून, दुपारी छापखान्यात खिळे जुळवून मी बी.ए. झालो. भूगोल घेऊन. आमच्या मोहल्ल्यातला पहिला पदवीधर. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे जो अपमान सांगणार आहे, तो किती खोल लागला असेल हे कळायला एवढं माहीत असलेलं बरं.

कुवेतला मी टायपिंगचा गाळा चालवतो. इकाम्याचे, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचे अर्ज, लायसनचे अर्ज, बायकोला बोलावण्याचे अर्ज, सगळे अर्ज. अरबी आणि इंग्रजी, दोन्ही दहा बोटांनी. नव्वद सालच्या इराकी हल्ल्याची धूळ खाली बसली आणि आम्ही सलवा भागात नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये एक उंच, वाळकुडे गृहस्थ भेटले. काखेत कागदाची लांब गुंडाळी.

"मराठी?"

"हो. मुकादम. रत्नागिरी."

"शिक्षण?"

नाव-गाव सांगितल्यावर लोक चहाला बोलावतात. ह्यांनी शिक्षण विचारलं. तरी मी अभिमानाने सांगितलं, "बी.ए. भूगोल."

"अरे वा. मग सांगा, वॉकेगन कुठे आलं?"

मला आठवेना. आठवणार कुठून, कधी ऐकलंच नव्हतं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. गृहस्थ बाहेर पडले आणि दार मिटता मिटता स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "भूगोल म्हणे."

मी सामानाचं खोकं हातात घेऊन पाचव्या मजल्यापर्यंत धुमसत गेलो. माझी बायको जैनब म्हणाली, "झालं काय?" म्हटलं, "कुणीतरी माझी डिग्री काढून घेतली."

ते सदावर्ते. नाशिकचे. पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात मोठे इंजिनियर. वहिनी वारल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एकुलता एक मुलगा निखिल, कुवेतमध्येच वाढलेला, तो शिकायला अमेरिकेला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. शिकागोच्या वर, मिशिगन सरोवराच्या काठाला. त्या भागाला म्हणतात लेक काउंटी. म्हणजे आपल्या भाषेत तळं तालुका. आमच्या गावात प्यायचं पाणी हंड्यांनी येई, आणि ह्यांच्या तालुक्याचं नाव तळं. हासुद्धा एक रागच.

ह्या तालुक्यात सदावर्त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण त्यांना विचारा. बर्फाचे डोंगर वितळून ती तळी कशी झाली, डेस प्लेन्स नदी कुठून शिरते आणि कुठून निघते, विस्कॉन्सिनची हद्द कुठल्या शेतातून जाते. न विचारताही सांगत. वॉकेगन हे तिथलं मुख्य ठिकाण. त्याचं आधीचं नाव होतं 'छोटा किल्ला'. गावकऱ्यांना 'छोटा' म्हणवून घ्यायची लाज वाटली म्हणून त्यांनी ते बदललं. हे मला सदावर्त्यांनी जिन्यात, पार्किंगमध्ये, भाजीच्या दुकानात आणि एकदा मी दात काढून तोंडात कापूस धरून येत असताना सांगितलेलं आहे. प्रत्येक वेळी शेवट ठरलेला. "नोंद घ्या, मुकादम."

मी काय तलाठी आहे नोंद घ्यायला?

आणि कुवेत? कुवेतमध्ये त्यांची वीस वर्षं गेली. बनेद अल-गारला कसं जायचं ते त्यांना माहीत नव्हतं. एकदा तिथल्या दवाखान्यात जायला निघाले आणि समुद्र उजव्या हाताला ठेवायचा तो डाव्या हाताला ठेवून बरोबर उलट्या दिशेला गेले. दीड तासाने मला फोन. "मुकादम, इथे नुसती वाळू आहे." म्हटलं, "साहेब, ह्या देशात हा काही पत्ता झाला नाही." पण तिकडचा एकेचाळीस नंबरचा हायवे विचारा. डोळे मिटून, प्रत्येक वळणासकट.

ज्या मातीत मीठभाकरी खाल्ली तिचा भूगोल येत नाही, आणि जिथे कुत्रंही ओळखत नाही तिथली वळणं तोंडपाठ. माणसाला चीड येणार नाही तर काय होईल?

सगळ्यात कहर झाला सबाह अल-सालेमच्या गणपतीत. तिकडे एका जोशींच्या फ्लॅटमध्ये, पडदे ओढून, टाळ्या हळू वाजवत गणपती बसतो. आम्हालाही बोलावणं असतं, आणि मोदकांच्या बाबतीत आमच्या घरात दुमत नाही. आरतीला वेळ होता म्हणून यजमान म्हणाले, "सदावर्ते, परदेशातल्या मराठी माणसावर दोन शब्द बोला." सदावर्त्यांनी काखेतली गुंडाळी सोडली. ती नकाशाची निघाली. दोन मुलांना दोन टोकं धरायला उभं केलं आणि पोटावाटोमी लोकांपासून सुरुवात झाली.

पोटावाटोमी म्हणजे त्या तळ्यांकाठचे मूळ रहिवासी. गोऱ्यांनी त्यांच्याकडून करारावर सह्या घेतल्या आणि त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे घालवलं. सदावर्त्यांचा आवाज चढला. "सही म्हणजे काय हो? ज्याला वाचता येत नाही त्याची सही?" इथे मला अंगठा उठवणारे वडील आठवले आणि क्षणभर त्यांचं बोलणं पटलं. पण पुढे चाळीस मिनिटं ते थांबेचनात. नकाशा धरणाऱ्या मुलांपैकी एकाने हात बदलत विचारलं, "अंकल, विल देअर बी अ टेस्ट?" आरती झाली तेव्हा मोदक गार झाले होते. गार मोदक मी विसरत नाही.

पुढे निखिलचं तिकडे कायमचं झालं, त्याने घर घेतलं, आणि सदावर्ते अमेरिकेच्या व्हिसासाठी माझ्या गाळ्यात आले. मी जातीने अर्ज भरला. जाण्याचं कारण: मुलाला भेटणे. दोन शब्द. अर्जाचं हेच तर शास्त्र आहे. विचारलं तेवढंच सांगायचं. रकाना लहान असतो, कारण विचारणाऱ्याला वेळ कमी असतो.

सदावर्त्यांनी पिशवीतून पानांचा गठ्ठा काढला. "हे जोडायचं."

"काय आहे?"

"लेक काउंटी. इतिहास, भूगोल आणि लोकजीवन. चौदा पानं. मागे नकाशा."

"साहेब, हे काढा."

"का? त्यांच्याच देशाबद्दल आहे. त्यांना आनंद होईल."

मी गठ्ठा हिसकून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. मुलाखतीच्या दिवशी वकिलातीच्या बाहेर सोडताना बजावलं, "विचारतील तेवढंच." तासाभराने ते बाहेर आले. व्हिसा नाकारला होता. गाडीत बसल्यावर मी एकेक प्रश्न काढून घेतला.

"कारण विचारलं?"

"विचारलं. मी म्हटलं, मुलाला भेटायला, आणि तुमच्या लोकांनी पोटावाटोमींवर जो अन्याय केला त्याची जागा प्रत्यक्ष पाहायला."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "पुढे?"

"किती दिवस राहणार, विचारलं. म्हटलं, खरं सांगू का, त्या तालुक्याला तीन महिने पुरायचे नाहीत."

"असं बोललात?"

"मग खोटं बोलू?"

"अहो, हा माणूस परत जाणार की नाही एवढंच त्याला बघायचं असतं. आणि तुम्ही म्हणता, तीन महिने पुरायचे नाहीत. त्याला वाटलं, ह्याचं बिऱ्हाड तिथे थाटून झालंय. खिडकीवरच्या माणसाला पोटावाटोमींचं काय करायचंय?"

"तेच तर. कुणालाच काही करायचं नसतं," सदावर्ते म्हणाले. त्या दिवशी 'नोंद घ्या' म्हणाले नाहीत.

मी भयंकर संतापलो होतो. माझ्या हातचा अर्ज परत आला होता. लोक माझ्याकडे भरवशाने येतात. आणि हा शहाणा माणूस, इंजिनियर, उघड्या दारावर स्वतः डोकं आपटून आला. मी ठरवलं, पुन्हा अर्ज करायचा आणि ह्यांना पोपटासारखं पढवायचं. पढवणं मला जमतं. माझ्या धाकट्या तिन्ही भावांना मी असंच मॅट्रिक केलं.

शुक्रवारी सुट्टी म्हणून दुपारच्या नमाजानंतर, चारच्या सुमाराला मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. उलटसुलट प्रश्न विचारले. पाच वाजत आले तसे सदावर्ते अस्वस्थ झाले. "दहा मिनिटं थांबा, मुकादम. आता तिकडे सकाळचे आठ. निखिल गाडीत असेल." त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढे ओढला. त्यावर एकाखाली एक मुद्दे लिहिलेले होते. नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो बाबा. ऑल ओके?"

"ओके. तू?"

"फाइन."

मग काहीच नाही. नुसती गाडीची घरघर. मी छताकडे बघत बसलो. एवढं बोलणारा माणूस आणि आता कागद नुसता सरळ करतोय. सदावर्त्यांनी कागदावर नजर टाकली.

"मिलवॉकी अव्हेन्यूचं काम संपलं का रे?"

"नो बाबा, स्टिल गोइंग ऑन. रोज वीस मिनिटं जातात." पोरगा हसला. "हाउ डू यू इव्हन नो?"

"इंटरनेटवर तुमच्याकडचा पेपर वाचतो. बरं, तळं गोठलं का?"

"नॉट येट. पण काल काठाला पातळ बर्फ होतं. मी थांबून बघितलं."

"थांबलास?"

"हो. तुम्ही विचाराल म्हणून."

सदावर्त्यांनी कागदावर बोट पुढच्या मुद्द्यावर नेलं आणि पुन्हा तळ्यावर आणलं. तेवढ्यात निखिल म्हणाला, "बाबा, पार्किंग आलं. बाय. नेक्स्ट फ्रायडे." घरघर बंद झाली.

"नऊ मिनिटं," सदावर्ते म्हणाले. "पूर्वी एक व्हायचं. ही होती तेव्हा हीच बोलायची. जेवलास का, सर्दी आहे का, आवाज असा का येतोय. मला ते जमत नाही. मी फोन घेतला की तो गप्प आणि मी गप्प. एकदा असंच काही सुचेना म्हणून विचारलं, तुझ्या जवळच्या त्या वॉकेगनचं पूर्वीचं नाव काय रे? त्याला माहीत नव्हतं. पण दोन मिनिटं बोलला."

मला राग आला, आणि ह्या वेळी कुणाचा ते कळेना. त्या पोराचा म्हणावं तर तो थंडीत गाडी थांबवून तळं बघून आला होता. वहिनींचा म्हणावं तर त्या बिचाऱ्या गेलेल्या. शेवटी मी तो खिडकीवरच्या माणसावर काढला. बापाला पोराच्या घरी जायला परीक्षा द्यावी लागते, आणि ती बापाने दोन शब्दांत द्यायची. आणि तसं बघितलं तर बापाला दोन शब्दांत बसवायचा धंदा मीच करतो.

"साहेब, पुन्हा सुरुवातीपासून," मी म्हणालो. "कारण?"

"मुलाला भेटणे."

"किती दिवस?"

"ऐंशी."

"परत का येणार?"

त्यांनी मुद्द्यांचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. "इथे कंपनीचं काँट्रॅक्ट आहे," म्हणाले.

"लगेच म्हणा. विचार करू नका."

चार शुक्रवार असे गेले. पाच वाजता मी गच्चीवर जायचो आणि सव्वापाचला परत यायचो. अर्ज नवा भरला. दुसऱ्या मुलाखतीच्या दिवशी गुंडाळी, पिशवी, कागद, सगळं माझ्या ताब्यात घेतलं आणि नुसता पासपोर्ट हातात देऊन त्यांना आत पाठवलं. मी पलीकडे गाडीत बसून राहिलो. माझ्या बी.ए.च्या निकालाला घाम फुटला नव्हता तेवढा फुटला.

ते बाहेर आले. रस्ता ओलांडून, हळू. दार उघडून बसले, पट्टा लावला.

"काय विचारलं?"

"तू पढवलंस तेच." ते मला पहिल्यांदाच अरेतुरे करत होते, त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. "आणि एक जास्तीचं विचारलं. जिथे चाललाय त्या भागाची काही माहिती आहे का, म्हणाला."

एवढी मेहनत केली आणि खिडकीवरच्याने नेमका तोच नळ उघडला. "मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, नाही. मुलगा दाखवेल."

मी गाडी चालू केली. जरा पुढे गेल्यावर म्हणालो, "साहेब, हे मात्र साफ खोटं बोललात."

"खोटं कसं?" सदावर्ते म्हणाले. "मी पाहिलंय कुठे?"

सिग्नल लागला होता. ते खिडकीबाहेर बघत होते, चौथ्या रिंग रोडच्या कडेला पाणी घालणाऱ्या टँकरकडे, जणू तो त्यांना पहिल्यांदाच दिसत होता.

व्हिसा मिळाला. पुढच्या महिन्यात मी त्यांना विमानतळावर सोडलं. सदावर्ते मुलाच्या घरी ऐंशी दिवस राहिले आणि ठरल्या तारखेला परत आले.