सरड्यांच्या पिंजऱ्यात बोंबील

जव्हार-मोखाड्यात जाळीकाम करावं तर पंढरीनेच, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मुख्यतः मीच. पण खोटं नाही. मी खिडकीला जाळी ठोकली की डास बाहेर बसून रडतात!

म्हणून तर मोखाड्याच्या बँकेतल्या योगिता मॅडम माझ्या वेल्डिंगच्या दुकानात येऊन म्हणाल्या, "सरड्यांसाठी पिंजरा पाहिजे," तेव्हा मी हसलो नाही. आपल्या रानातला रंग बदलणारा घोयरा सरडा घरात ठेवला तर वनखातं दारात येतं. मॅडमची जोडी मात्र परदेशी, नोंदणीची कागदं असलेली. माझ्या लग्नाचीसुद्धा एवढी कागदं नाहीत.

"काचेच्या पेटीत कोमेजलेत हो दोघं. त्यांना खेळती हवा लागते, चारी बाजूंनी जाळी हवी. आठ दिवसांत होईल?"

"झाला समजा," मी म्हटलं.

गोदी, म्हणजे माझी बायको, आठ दिवस माहेरी दाभोशाला लग्नाला गेली होती. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माझ्या कामाला ती एकदाही 'बरं झालंय' म्हणालेली नाही. मी केलेल्या पाळण्याकडे बघून म्हणाली होती, "पोर खाली झोपलेलं बरं." या वेळी तिच्या तोंडून एक चांगला शब्द काढायचाच, असा मी पणच केला.

आणि घरच्या ओट्यावर काय पिंजरा झाला! पुरुषभर उंच, अँगलची चौकट, बारीक जाळी, दार असं बसवलं की मुंगीने आधी परवानगी काढावी. हे राजेलोक वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात. म्हणून मेडिकलमधून सलाईनची कोरी नळी आणली, वर बाटली टांगली आणि आत ठेवलेल्या जास्वंदीच्या कुंडीवर थेंब थेंब पाणी सोडलं. शनिवारी ठाण्याला जाताना मॅडमनी दोघांना आत सोडलं. दोघं जास्वंदीवर चढले, हिरवेगार झाले आणि पानांत दिसेनासे झाले.

"उद्या येते. जपा हं," म्हणत मॅडम गेल्या.

रविवारी सकाळी मी त्यांच्यासाठी नाकतोडे पकडायला माळावर गेलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस नाकतोड्यामागे धावताना बरा दिसत नाही, ते सोडा. तासाभराने घरी आलो तर ओट्यावर गल्लीतल्या आठ-दहा बाया, आणि मधोमध माहेरून परतलेली गोदी.

"माझ्यासाठी केलंनी यांनी," ती सांगत होती. "चार वर्षं मागत होते, मासळी वाळवायचं कपाट. ना मांजर शिरायची, ना कावळा. काय काम केलंय बघा. असा हात अख्ख्या तालुक्यात नाही."

पिंजऱ्यात वरपासून खालपर्यंत पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील लटकत होते. सलाईन बंद. कुंडी गायब.

बावीस वर्षांनी कौतुक आलं, तेही चारचौघांत, आणि ते दुसऱ्याच्या पिंजऱ्याचं. माझा ऊर भरून आला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण गोदीचा चेहरा बघितला आणि मिटलं.

"आतली जास्वंद कुठाय गं?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"ती होय? ओल येत होती मासळीला. शेजारच्या धोंडीबाईला दिली, देवाला फुलं लागतात तिला."

मी नाकतोड्यांचा डबा तिथेच टाकून धावलो. धोंडीबाई अंगणात हिरवं लुगडं नेसून तांदूळ निवडत बसली होती. बाजूला कुंडी. एक सरडा फांदीवर सापडला, तो मी टॉवेलात घेतला. दुसरा कुठेच नाही. शेवटी दिसला. धोंडीबाईच्या पाठीवर, लुगड्यावर, निवांत.

"काय रे पंढरी, पाठीमागे काय करतोस?"

"पान पडलंय मावशी. काढतो."

"पान? मग ते चालतंय कसं?"

"वारा आहे मावशी."

"माझ्या मानेवर कुठला आलाय वारा?" तिने मागे हात नेला, हाताला काहीतरी गार लागलं, आणि पुढच्या क्षणी तांदूळ माझ्या डोक्यावर, सूप माझ्या पाठीत. पण तेवढ्यात सरडा मी पकडला.

दोन्ही सरडे टॉवेलात गुंडाळून घरी आलो तर मॅडम ओट्यावर उभ्या. गोदी त्यांना एकेक बोंबील दाखवत होती. मॅडमचा चेहरा पांढराफटक.

"पंढरीभाऊ, माझे दोघं कुठायत?"

मी टॉवेल उघडला. मॅडमनी दोघांना छातीशी धरलं. मग मी खाली मान घालून गोदीला सगळं सांगून टाकलं. "हे तुझ्यासाठी नव्हतं गं. या मॅडमच्या सरड्यांसाठी होतं." आता रडेल, नाहीतर आठ दिवस बोलणार नाही, अशी मी मनाची तयारी केली.

गोदीने एक बोंबील शांतपणे उलटा टांगला.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "आठ दिवसांत पुरं झालंय. घरचं काम तुमच्या हातून कधी आठ दिवसांत झालंय?"

"मग त्या बायांना का सांगितलंस?"

"म्हणून तर सांगितलं. आता परत घेऊन दाखवा."

मॅडम इतक्या हसल्या की सरडेसुद्धा रंग बदलायचे विसरले. शेजारून कुंडी परत मागून घेतली, तिच्यासकट सरडे जीपमधून मोखाड्याला गेले. मॅडमनी आणखी आठ दिवस दिलेत. दुसरा पिंजरा पहिल्याहून भारी होतोय, आणि तो वेळेतच होणार. घरचा थोडाच आहे.