भिंत चाखणारे बाबलनाना

बाबलनाना कुणाच्याही नव्या घरात शिरण्याआधी त्याची भिंत चाखत. बोटाने गिलावा खरवडायचा, बोट जिभेला लावायचे आणि निकाल द्यायचा: "खारट!"

मालवणजवळच्या आमच्या वाडीत पन्नासच्या दशकात मातीच्या भिंती जाऊन चिऱ्याची घरे होऊ लागली होती. गवंडी नदीची रेती सांगून किनाऱ्यावरची वापरतात, अशा भिंतीला लोणा लागतो, मीठ फुटून ती आतून भुसभुशीत होते आणि वादळी पावसात बसते, असा नानांचा संशय होता. स्वतः ते जाळी विणत. वाडीला त्यांचाच संशय येई. कुणी म्हणे, गवंड्यांकडून चहा उकळतात. कुणी म्हणे, करणी करतात.

बहीण शेवंतीच्या वास्तुशांतीला त्यांनी जेवणाऱ्या पंगतीसमोर जाहीर केले, "दर्याची रेव! वादळात बसतली!"

मेहुणा पांडू उसळला. "तुझा घर चाट मेल्या! परत हयसर दिसू नको!"

आई गेल्यावर शेवंतीला नानांनीच वाढवले होते. त्यात त्यांचे लग्न राहून गेले. तरी ते पुन्हा त्या घरात गेले नाहीत. तिला मुलगी झाली, तेव्हाही नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडावर मात्र ते शेवंतीच्या घरामागे घुटमळताना दिसू लागले. मागच्या भिंतीखाली ओल आढळली. पांडू माझा शेजारी. तो मला म्हणाला, "ह्यो लपान भिंतीर खारा पाणी ओतता. आपला म्हणणा खरा करूक!"

वादळ भर दुपारी आले. पाऊस समुद्राकडून आडवा येत होता. घरामागे नाना दिसताच पांडू ओरडला, "गावलो!" आम्ही धावलो. नाना विणलेल्या चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, ताटी भिंतीवर बांधत होते.

"काय ओततंस रे भिंतीर?"

"वरचो ओतता तो कमी आसा? ह्या टोक धर!"

"मगे ती ओल कसली?"

"चुडता भिजयल्याशिवाय विणूक येतत? हयसर माप घेताना त्यांचा पाणी गळला."

"भिंत बसली तर तुझाच खरा होतला. तुका काय पडलासा?"

नानांनी दोरी ओढली. "भिंत बसांदे. पण बाळंतिणीची खाट ह्याच भिंतीक लागान आसा."

पांडू आत गेला. नाना अंगाने ताटी दाबून, भिंतीला कान लावून उभे राहिले. आत खाट ओढल्याचा आवाज झाला आणि तान्हे रडू लागले.

रडणे थांबेपर्यंत नाना हलले नाहीत. मग मला म्हणाले, "तू बघितलंस मा? शेवंतीचा चेडू कोणासारख्या दिसता रे?"