गंगाधररावांच्या लाल गाडीचे भौतिक सत्यापन

शासकीय सेवेतल्या माणसाने लाल गाडीची इच्छा बाळगू नये, असे कोणत्याही नियमात म्हटलेले नाही. गंगाधर मोहरील यांनी सेवानियमांचे पुस्तक चाळून ही गोष्ट पक्की केली आणि मगच इच्छा बाळगली.

गंगाधरराव नवा रायपुरातल्या एका संचालनालयात उपसंचालक होते. त्यांच्याकडे भौतिक सत्यापनाचे काम होते. म्हणजे कागदावर तयार झालेली वस्तू जमिनीवरही तयार झाली आहे की नाही, हे स्वतः जाऊन बघायचे. हातपंप असो, शाळेची भिंत असो की नाल्यावरची पुलिया, त्यांची पद्धत ठरलेली होती. जागेवर जायचे, वस्तूवर उजवा हात ठेवायचा, फोटो काढून घ्यायचा, सरपंचाकडे चहा घ्यायचा आणि परत यायचे. अख्ख्या नोकरीत त्यांनी एकाही हातपंपाचा दांडा दाबला नव्हता. दांडा दाबणे हे तांत्रिक शाखेचे काम होते आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसण्याची त्यांना सवय नव्हती.

लाल गाडीचे मूळ त्यांच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात होते. त्या संध्याकाळी मित्राची स्कूटर मागून आणून ते चित्राताईंना तेलीबांधा तलावावर घेऊन गेले होते आणि भरात म्हणून गेले होते, की एक दिवस आपण या तलावाला बिनछपराच्या लाल इटालियन गाडीतून चक्कर मारू. मग संसार झाला, पोरगी शिकून पुण्याला गेली. चित्राताई शाळेत गणित शिकवायच्या आणि आपल्या स्कूटीवर सगळ्या रायपुरात हिंडायच्या. त्या चकरेची त्यांनी कधी आठवण करून दिली नाही, हेच गंगाधररावांना फार लागत असे. निवृत्ती तोंडावर आली तशी ही गोष्ट त्यांना झोपू देईना.

गाडी सापडली भनपुरीत, नरेश भैया नावाच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात. कुणी इटालियन इंजिनिअर कधीतरी उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मशीन बसवायला आला होता आणि जाताना ही दोन सीटची गाडी मागे टाकून गेला होता. सिमेंटच्या पोत्यांआड ती उभी होती. बुटकी होती, लाल होती आणि आश्चर्य म्हणजे परवडण्यासारखी होती.

"साहब, इटली की है," नरेश भैया म्हणाले. "खड़ी रहे तब भी लगता है भाग रही है."

गंगाधररावांनी रीतसर सत्यापन केले. बॉनेटवर उजवा हात ठेवला, फोटो काढून घेतला, चहा घेतला. सौदा झाला.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर बसून तात्यापाऱ्यात, त्यांच्या घरासमोर आली. जी गाडी पळवण्यासाठी घेतली तिला ट्रकवर का आणावे लागले, हा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण सगळे फोटो काढण्यात गुंतले होते. चित्राताईंनी ओवाळले, चाकांखाली लिंबे ठेवली आणि साडीचा पदर खोचून शेजारच्या सीटवर बसल्या. त्यांचा चेहरा साक्षगंधातल्यासारखा झाला होता.

"चला," त्या म्हणाल्या, "चिरडा लिंबं."

गंगाधररावांनी किल्ली फिरवली. इंजिनाने घसा खाकरला आणि मौन धरले. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी घसाही खाकरला गेला नाही.

"काहून हो, घेताना सुरू करून पाह्यली होती का?"

"सत्यापन केलं होतं ना."

"म्हंजे हात ठेवून फोटो काढला."

लिंबे जिथल्या तिथे राहिली आणि उन्हाने वाळून सुपारीएवढी झाली.

मग बीरगांवहून गौतम मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडले, बराच वेळ आत बघितले आणि पार्ट इटलीहून मागवावा लागेल, असे सांगितले. कोणता पार्ट, ते इंजिन खोलल्यावर कळणार होते. इटलीचा पार्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे त्याच्या स्वभावात नव्हते, म्हणून त्याने भनपुरीच्या ट्रकचा हॉर्न बसवला. तो इतका उत्तम वाजला की समोरच्या डेअरीतल्या म्हशीने त्या दिवशी दूध दिले नाही. पुढच्या खेपेला तो इंजिन काढून बीरगांवला घेऊन गेला.

"स्टडी करना पड़ेगा, साहब," तो म्हणाला. "जल्दबाज़ी में इटली वाले बुरा मान जाते हैं."

अशा रीतीने गाडी इंजिनापासून मुक्त झाली, आणि नवल असे की त्या दिवसापासून तिची प्रतिष्ठा वाढू लागली. लोक बघायला येऊ लागले. लग्न ठरलेली पोट्टेपोट्ट्या तिला टेकून फोटो काढू लागली. गंगाधररावांना सत्यनारायणाच्या पंगतीत पहिल्या पानावर बसवू लागले. चुकून कुणी विचारलेच, "चालते का?" तर बाकीचे त्याच्याकडे असे बघत, की जणू त्याने देवळात जाऊन मूर्तीचे वजन विचारले. गंगाधरराव सौम्यपणे म्हणत, "क्लासिक आहे." विचारणारा शरमून जाई.

फक्त चित्राताई सकाळी स्कूटीला किक मारताना गाडीकडे एकवार बघत आणि निघून जात. तेवढे बघणे गंगाधररावांना पुरेसे होते. एखाद्या मेमोला ते इतके घाबरले नसते.

आणि अशात शासनाने विरासत वाहन पंधरवडा जाहीर केला. शहरातल्या सर्व जुन्या गाड्यांचे भौतिक सत्यापन होणार होते आणि चालू स्थितीतल्या गाड्यांची रॅली तेलीबांधा तलावाला चक्कर मारणार होती. सत्यापनाला आला सौमित्र. हा त्यांच्याच मराठी समाजातला, दोन गल्ल्या पलीकडचा पोरगा. त्याला मराठी सगळी समजायची, पण उत्तर हिंदीत द्यायचा. विभागाच्या प्रशिक्षणात त्याला गंगाधररावांनीच शिकवले होते.

सौमित्रने बॉनेटवर उजवा हात ठेवला. फोटो झाला.

"बाळा, झाकण उघडून तर पाह्य," चित्राताई चहा देत म्हणाल्या. "आत इंजिनच नाही आहे."

"काकी, वो तांत्रिक शाखा का काम है," सौमित्र कप हातात घेत म्हणाला. "सर ने ही सिखाया है."

गंगाधररावांचा ऊर भरून आला. शिष्य तयार झाला होता. पण खरे सांगितले असते, तर गाडीसोबत त्यांनी हात ठेवलेले जिल्ह्यातले सगळे हातपंपही उघडून बघावे लागले असते. निवृत्तीच्या वर्षात हे कोण ओढवून घेतो? त्यांनी सौमित्रपुढे बिस्किटे सरकवली. गाडी चालू स्थितीत असल्याचे जाहीर झाले.

चालू स्थितीतली गाडी रॅलीत आली नाही, तर सत्यापन खोटे ठरते आणि चौकशी लागते. चौकशी लागली की पेन्शन अडकते. म्हणून गाडी जाणे भाग होते. संचालनालयाने हा प्रश्न मोठ्या कौशल्याने सोडवला. चार कर्मचाऱ्यांची 'मानवी सहाय्य' म्हणून ड्यूटी लागली. गाडीच्या मागे वाकून ढकलायचे आणि कॅमेऱ्यात डोके दिसू द्यायचे नाही, एवढेच त्यांना करायचे होते.

रॅलीच्या सकाळी चित्राताईंनी अबोली रंगाची साडी नेसली आणि गॉगल लावला. "मले माहीत आहे हे सगळं थोतांड आहे," त्या म्हणाल्या. "पण चक्कर तर चक्कर. चला."

तलावावर पोहोचल्यावर गंगाधररावांच्या जिवात जीव आला. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या मागे माणसे वाकलेली होती. एक निळी गाडी दोरीने ओढली जात होती. एका भल्या मोठ्या काळ्या गाडीला तर चाकेच नव्हती. ती झेंडूत बुडवून हातठेल्यावर ठेवली होती आणि तिच्यावरही 'चालू स्थिती'चे लेबल होते. सौमित्रने फार मेहनत घेतली होती.

माननीय मंत्र्यांनी झेंडी दाखवली. रॅली निघाली. वेग एवढा होता की बाजूने फिरायला आलेल्या आजोबांनी तिला मागे टाकले. पण चित्राताईंनी हात बाहेर काढला, केस सावरले, नसलेला वारा लागल्यासारखे डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हॉर्न वाजवा नं."

गंगाधररावांनी भनपुरीचा हॉर्न दाबला. तलावातली बदके उडाली, गर्दीने टाळ्या वाजवल्या आणि चित्राताई पोट धरून हसू लागल्या. त्यांना असे हसताना बघून गंगाधररावांना फार आनंद झाला. अख्ख्या नोकरीत एवढा झाला नव्हता. त्या क्षणी गाडीत इंजिन असते तर त्यांना त्याचा आवाज नकोसा झाला असता.

अर्धी चक्कर झाली आणि गतिरोधक आला. माननीयांच्या सुरक्षेसाठी तो नुकताच बांधला होता आणि चांगला भरभक्कम होता. बुटकी इटालियन गाडी त्यावर पोटावर बसली. पुढची चाके हवेत, मागची हवेत, आणि मधे मोहरील दांपत्य झोपाळ्यासारखे हलत राहिले. चार कर्मचाऱ्यांनी जोर लावला, पण गाडी हलेना. मागची रॅली थांबली. माननीय घड्याळ बघू लागले. गंगाधररावांना आपली पेन्शन डोळ्यांसमोर तरंगताना दिसली.

रस्त्याच्या कडेला बॅरिकेडमागे सकाळपासून अडवलेले लोक उभे होते. कुणाला ऑफिस गाठायचे होते, कुणाला दवाखाना, कुणाच्या मागे दुधाचे कॅन होते. सगळ्यांच्या गाड्या चालू होत्या. पोलीस शिपाई त्यांच्याकडे वळून म्हणाला, "भैया लोग, जरा हाथ लगा दो."

आणि ते आले. आपापल्या चालत्या गाड्या बंद करून, स्टँडवर लावून, हसत हसत आले. त्यांनी गाडी उचलली, गतिरोधकापलीकडे ठेवली आणि तिथून परत न जाता तशीच पुढे ढकलू लागले. चित्राताईंनी मागे वळून एकाला विचारले, "दादा, तुमची गाडी कुठं आहे?"

"उधर खड़ी है दीदी, बैरिकेड के पीछे."

"चालते?"

"हव, एकदम बढ़िया चलती है."

"मंग इथं काय करून राहिले?"

त्या माणसाने जरा विचार केला. "सब लगा रहे थे न," तो म्हणाला, "तो मैंने भी हाथ लगा दिया."

चक्कर पूर्ण झाली. गंगाधरराव सन्मानाने निवृत्त झाले, पेन्शन सुरळीत चालू आहे, आणि कधीही रस्त्यात बंद न पडलेली गाडी म्हणून लाल गाडीला ढाल मिळाली. तिचे इंजिन बीरगांवात एका पिठाच्या चक्कीला जोडलेले आहे आणि उत्तम चालते, असे ऐकिवात आहे. गौतमचा स्टडी अजून संपलेला नाही.

रॅलीचा एक मोठा फोटो चौकातल्या फलकावर लावला आहे. गंगाधररावांचे हात स्टिअरिंगवर आहेत, चित्राताई हसत आहेत आणि मागे वाकलेल्या पाठींची लांबच लांब ओळ आहे. कधी त्या बाजूला गेलात तर जरा जवळून बघा. त्यातला एक शर्ट तुमच्या ओळखीचा निघेल. काळजी करू नका, चेहरा आलेला नाही. फक्त उजवा हात आला आहे आणि तो गाडीवर व्यवस्थित ठेवलेला आहे.