हिरवी फेरी

शनिवारी सकाळी दहा वाजता मास्तर घरी पोचले तेव्हा त्यांचं अंग घरात होतं आणि डोकं अजून हायवेवर. अठरा टन फरशांनी भरलेला ट्रक त्यांनी समोरच्या मैदानाच्या कडेला लावला होता. हातपाय धुऊन ते जेवायला बसले आणि तिसरा घास हातात असतानाच त्यांची मान पुढे झुकली.

"अहो, निदान आडवं होऊन तरी झोपा," बायको म्हणाली.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. वीस वर्षं लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारे ड्रायव्हर होते. रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती, म्हणून बाकीच्या ड्रायव्हरांनी हे नाव ठेवलं होतं. कंपनी त्यांना किलोमीटरवर पैसे द्यायची. आठवड्याला तीन हजार किलोमीटर भरले तर पूर्ण पगार, नाहीतर कात्री. चाकं फिरली तरच कमाई. गोदामाच्या फाटकाशी माल उतरवायच्या रांगेत नऊ-नऊ तास उभं राहिलं, तर त्याचं कुणी काही देत नसे. या आठवड्यात असे दोन दिवस रांगेतच गेले होते आणि मास्तरांचा आकडा दोन हजार सातशे साठवर अडकला होता.

हे किलोमीटर मोजायला कंपनीनं प्रत्येकाच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं होतं. घरी पोचल्यावर त्यातलं 'विश्रांती' हे बटण दाबायचं असे. मास्तर ते दाबायला विसरले आणि ढाराढूर झोपले.

बायकोला अकराच्या बसनं बहिणीकडे जायचं होतं. नवरा-बायकोचे फोन एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले, दोन्ही काळे, दोन्ही सारखे. तिनं गडबडीत टेबलावरचा एक उचलून पर्समध्ये टाकला आणि दार ओढून घेतलं.

दुपारी तीन वाजता त्याच दारावर कुणीतरी धडाधडा हात मारू लागलं. मास्तरांनी डोळे चोळत दार उघडलं. बाहेर कंपनीचा सुपरवायझर घामाघूम उभा होता. वयानं तरुण, हातात कायम टॅबलेट, आणि ट्रकमध्ये आयुष्यात कधी न बसलेला.

"गाडी कुठंय?"

"कुठली गाडी, साहेब?"

"तुमची! दुसरी कुठली?"

मास्तरांनी त्याच्या खांद्यावरून बोट दाखवलं. सुपरवायझरनं मागं वळून ट्रककडे पाहिलं. मग टॅबलेटकडे पाहिलं. मग पुन्हा ट्रककडे.

"मग ही कुणाची?"

"ही माझीच."

"पण इथं तर तुम्ही एकशे नव्वद किलोमीटरवर आहात! ताशी पंचावन्ननं चाललाय!"

"मी झोपलो होतो, साहेब."

"झोपेत चालवताय?"

सुपरवायझर तरातरा मैदानात गेला आणि ट्रकच्या दारावर त्यानं दोनदा टकटक केलं. पत्र्याचा आवाज आल्यावर त्याला जरा धीर आला. पण परत येताना तो टॅबलेटकडेच बघत होता. त्याचा भरवसा ट्रकपेक्षा टॅबलेटवर जास्त होता.

"मी तासाभरापूर्वी तुम्हाला फोन केला," तो म्हणाला. "एका बाईंनी उचलला. गाडी कुठंय विचारलं, तर म्हणाल्या, चहाला थांबलीय. चालवतंय कोण विचारलं, तर म्हणाल्या, ड्रायव्हर चालवतोय, मी कशी चालवणार? आणि वर म्हणाल्या, फार छान चालवतो हो, त्याचा पगार वाढवा!"

मास्तरांनी टेबलावरचा फोन उचलला. त्यावर मेव्हणीचे चार मिस्ड कॉल होते. आता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी त्या फोनवरून स्वतःलाच फोन लावला.

"अगं, तू माझा फोन घेऊन गेलीस!"

"अगंबाई! तरीच 'ऑफिस' असं नाव आलं. मला वाटलं, बसचं ऑफिस. चौकशी करतायत बिचारे."

"बरं, असू दे. स्क्रीनवर ते अ‍ॅप उघडंच असेल. त्यातलं बटण दाब."

"कुठलं? लाल की पिवळं?"

"द्या तो फोन," असं म्हणून सुपरवायझरनं फोन हिसकावला. "वहिनी, पिवळं! पिवळं दाबा!"

"दाबलं लाल."

लाल बटण म्हणजे 'गाडी बंद पडली, मदत पाठवा.' सुपरवायझर मटकन पायरीवर बसला.

मदत खरोखरच गेली. जवळच्या शहरातला कंपनीचा मेकॅनिक हत्यारांची पेटी घेऊन नकाशावरच्या ठिपक्यामागे निघाला आणि पाच वाजता मास्तरांच्या मेव्हणीच्या दारात पोचला. ट्रक कुठंय, असं त्यानं विचारलं. ट्रक नाही, पण पाण्याची मोटर आठ दिवस बंद आहे, असं त्याला सांगण्यात आलं. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जाणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं मोटर दुरुस्त केली, चहा घेतला आणि 'तक्रार दूर, पस्तीस मिनिटे' असं कळवून तो निघून गेला.

"साहेब, हे सगळं पुसून टाका ना," मास्तर काकुळतीला आले.

"पुसायला मालकीण मॅडमचा पासवर्ड लागतो."

"मग मॅडमना सांगू."

सुपरवायझरनं टॅबलेट काखेत मारला. मग हळूच म्हणाला, "मॅडम विचारतील, सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हरला फोन कशाला केलास? तुमची सुट्टी रद्द करून दुसऱ्या फेरीवर पाठवायला, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? सोमवारपर्यंत तोंड बंद ठेवा. सगळं दबून जाईल."

रविवारी साडेचारला बायको परत आली. तिच्यासोबत ठिपकाही परतला.

दबून काहीच गेलं नाही. सोमवारी सकाळी मालकीणबाईंनी सगळ्या ड्रायव्हरांना मीटिंगला बोलावलं. मास्तर शेवटच्या रांगेत बसले. घरचे हप्ते, मुलीची फी आणि वयाची पन्नाशी, या तिन्ही गोष्टी त्यांना एकदम आठवत होत्या. या वयात नोकरी गेली तर दुसरं कोण स्टिअरिंग हातात देणार?

मॅडमनी भिंतीवर आठवड्याच्या फेऱ्या दाखवल्या. सगळ्या लालभडक. वेळ ओलांडली, विश्रांती नाही, जेवणाची सुट्टी नाही. मधोमध एकच फेरी हिरवीगार होती.

"तीन वर्षांतली पहिली हिरवी फेरी!" मॅडम म्हणाल्या. "दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबले. जेवायला चाळीस मिनिटं. संध्याकाळी पाच ते सकाळी दहा, पूर्ण सतरा तास विश्रांती. बिघाड झाला, तोही पस्तीस मिनिटांत दुरुस्त. आणि एवढं करून आठवड्याचे तीन हजार तीनशे चाळीस किलोमीटर! मास्तर, उभे राहा."

टाळ्या पडल्या. मॅडमच्या मागं उभा असलेला सुपरवायझर ओठांवर बोट ठेवून डोळे मोठे करत होता. मास्तर उभे राहिले. पगार पूर्ण मिळणार होता, वर कौतुक. नुसतं मान हलवून खाली बसलं असतं तरी काम झालं असतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले काका वळले. सर्वांत जुने ड्रायव्हर. कमरेला पट्टा बांधल्याशिवाय त्यांना बसता येत नसे.

"मास्तर," त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "जेवायला चाळीस मिनिटं कुठं मिळाली रे तुला? मलाही सांग की. मी तर एक हात स्टिअरिंगवर ठेवूनच जेवतो."

कुणी हसलं नाही. सगळेच तसे जेवत होते. मास्तरांना काकांच्या तोंडावर खोटं बोलवेना.

"मॅडम, ही फेरी माझी नाही," ते म्हणाले. "माझा फोन घेऊन बायको बसनं बहिणीकडे गेली होती. मी घरी झोपलो होतो. ट्रक दारात होता. दुरुस्त झाली ती मेव्हणीची पाण्याची मोटर."

सुपरवायझर छताकडे पाहू लागला.

"म्हणजे बसवाल्याला हे सगळं जमतं," मॅडम सावकाश म्हणाल्या, "आणि आपल्याला नाही?"

"बसमध्ये चाळीस माणसं असतात, मॅडम. दोन तास झाले की गाडी थांबवा म्हणून ओरडतात. माझ्या गाडीत फरशा असतात. त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत."

आधी काका हसले, मग सगळी खोली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरचा तो लाल रंग बराच वेळ पाहिला. फाटकावरच्या रांगेबद्दल विचारलं. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या फोनबद्दल विचारलं. जी उत्तरं आली, ती ऐकताना सुपरवायझरचा टॅबलेट दोनदा हातातून निसटला.

मास्तरांचे पाचशे ऐंशी किलोमीटर कापले गेले. मात्र फाटकाशी उभं राहिल्याचे तास त्या आठवड्यापासून पगारात धरायचे ठरलं, आणि वजाबाकी-बेरीज होऊन मास्तरांच्या हातात नेहमीपेक्षा चार पैसे जास्तच आले. शेवटी मॅडम सुपरवायझरकडे वळल्या.

"गाडीत थांबा म्हणणारं कुणी नसतं, हीच अडचण आहे ना? मग तुम्ही बसा. एक आठवडा मास्तरांच्या शेजारी."

बुधवारी सकाळी ट्रक हायवेला लागला. मास्तर पाट्या वाचत होते. शेजारी सुपरवायझर दोन्ही हातांनी सीट धरून बसला होता. तासभर तो ताठ होता. मग जरा आखडला. मग त्यानं पायावर पाय टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला.

"मास्तर," शेवटी तो बारीक आवाजात म्हणाला, "जरा थांबवता का कुठंतरी?"

मास्तरांनी डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे नजर टाकली.

"एवढ्यात कसं, साहेब? दोन तास व्हायला अजून पन्नास मिनिटं आहेत," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पहिलाच आठवडा, फेरी लाल झाली तर मॅडम काय म्हणतील?"