जनूभाऊंची मुकी गाडी

आमच्या शेजारच्या जनूभाऊ म्हात्र्यांच्या पडवीत मोटारीची मागची सीट मांडलेली आहे. अख्खी, पाठीसकट. पाहुणा आला की भाऊ त्याला तिच्यावर बसवतात आणि समोर उभे राहून रोखून बघतात.

"कुरकुरली?"

पाहुणा गोंधळतो.

"नाय ना? म्हंजे कुरकुर सीटची नव्हती, खालच्या पत्र्याची होती. मी हिला उगाच बोल लावला." मग सीटला दोन थापट्या मारतात आणि त्यानंतर पाहुण्याला चहाचं विचारतात.

पेणमध्ये विक्षिप्त माणसांची वानवा नाही, पण मोटारीकडून मौनव्रत करून घेणारा हा एकटाच. भाऊंनी उभी हयात रोह्याच्या एका कंपनीत काढली, तीही कॉम्प्रेसरच्या शेजारी. व्हायचं ते झालं. त्यांच्या दारात उभं राहून हाक मारली तर तिसऱ्या घरातला माणूस बाहेर येतो, भाऊ येत नाहीत. डॉक्टरांनी कानाचं यंत्र सुचवलं, तर हे डॉक्टरांवरच उखडले. "माझे कान ठणठणीत हायत. गाडी वाजते. विलाज करायचा तर तिचा करा."

आणि केला की खरोखर! गेल्या थंडीत एका सकाळी त्यांनी मागची सीट उपटली, खालचं कार्पेट काढलं, दारांच्या आतली आवरणं काढली. गाडी अंगणात उघडीवाघडी उभी. मग काळ्या रबरी शीट आल्या, वरून चंदेरी. त्या तापवून पत्र्यावर दाबून बसवायच्या, म्हणजे पत्रा थरथरत नाही म्हणे. तापवायला माझा केस वाळवायचा ड्रायर गेला, दाबायला वहिनींचं लाटणं. ड्रायर परत आला तो डांबराचा वास घेऊन. लाटणं आलंच नाही. बरेच दिवस म्हात्र्यांकडे चपातीला सुट्टी होती.

एकेक शीट बसली की भाऊ बाजारात कलिंगड पारखावं तशी पत्र्यावर टिचकी मारायचे. "बद्द वाजला पायजे. टण्ण वाजला की नापास." आणि मला कुंपणावरून हाक मारायचे, "शुभे, ये गो, आयक!" कारण बद्द कुठलं नि टण्ण कुठलं, हे त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हतं. बँकेची वेळ झालेली, डबा भरायचा राहिलेला, आणि मी मोटारीच्या पोटात डोकं घालून "बद्द, भाऊ, बद्द" असा निकाल देत उभी. एकदा घाईत मी टण्णला बद्द म्हणाले, तर त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि शीट पुन्हा सोलली.

पुढे काचेशी छोटा गणपती होता. पेणचा माणूस, गणपती असणारच. त्याच्या पितळी छत्रीची झालर खुळखुळते म्हणून भाऊंनी छत्रीच उतरवली. "त्याला कुठं ऊन लागतंय गाडीत?" असा वर सवाल.

सगळं झालं. कार्पेट बसलं, दारं बसली. सीट मात्र पडवीतच राहिली. विचारलं की एकच उत्तर, "नट हरवले." शेवटी मी म्हटलं, "भाऊ, बाजारातून मी आणून देते नट, पण त्या सीटला तिच्या घरी जाऊ द्या."

भाऊंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. वहिनी आत होत्या. मला खुणेनेच त्यांनी गाडीत बसवलं, दारं लावली, काचा वर केल्या. भाऊंची कुजबूज एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जाते, त्यामुळे जागा योग्य होती. त्यांनी खिशातून मूठ बाहेर काढली. मुठीत नट.

"हरवले नायत. मी ठेवलेत," ते म्हणाले. "बाबा होते तवा ते पुढं बसायचे, ही मागं. सासऱ्याला मागं बसवून मी कशी पुढं बसू, म्हणायची. बाबा गेले, तरी ही पुढं आलीच नाय. मागंच बरी मी, म्हणते. पण मागून बोलायची किती! पेणपास्नं रोह्यापर्यंत दम घ्यायची नाय. गळ्याचं आपरेशन झालं नि आवाज पार सुतासारखा झाला. घरात मी तिच्या तोंडाकडं बगून समजतो. गाडी चालवताना मागं कसा बगू? ती बोलली की मी म्हणतो काय. परत बोलली की परत काय. मग म्हणते, काय नाय. मागल्या खेपेला आख्ख्या वाटेत एक शब्द बोलली नाय गो."

"मग ते यंत्र..."

"चोरून लावून बगितलं. त्यात गाडीच मोठ्यानं आयकू येते."

इतके दिवस मी या माणसाची गंमत साऱ्या बँकेत रंगवून सांगत होते.

पुढल्याच आठवड्यात वहिनींच्या भाचीचा साखरपुडा होता, रोह्याला. मलाही आग्रहाचं बोलावणं. वहिनी सवयीने मागचं दार उघडून थबकल्या. आत नुसती गोधडी अंथरलेली.

"मी बसते खाली," वहिनी आपल्या बारीक आवाजात म्हणाल्या.

"तुमच्या गुडघ्यांना जमणार नाही," म्हणत मी कडक इस्त्रीच्या साडीनिशी आत शिरले आणि मांडी घातली. वहिनी नाइलाजाने पुढे जाऊन बसल्या, परक्याच्या घरी बसावं तशा, सीटच्या अगदी कडेला.

"शुभे, बांगड्या," भाऊ म्हणाले.

"काय बांगड्या?"

"वाजतात." आणि त्यांनी रुमाल मागे दिला. साखरपुड्याला निघालेली सवाष्ण मी, हाताला रुमाल गुंडाळून, गिफ्टची पिशवी चुरचुरू नये म्हणून मांडीखाली घेऊन बसले. दुसरा कुणी असता तर मी वडखळच्या नाक्यावर उतरून एसटी धरली असती.

वडखळ गेलं. वहिनी गप्प. भाऊंच्या कानात आज ते यंत्र, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. खड्डे येत होते, गाडी डोलत होती, पण आवाज नाही. मीच आतून घाबरून गेले. एवढं करून ही बाई बोललीच नाही तर?

एका शेताजवळ वहिनींनी मान वळवली. "वालाला शेंगा धरल्यात."

"धरल्यात की," भाऊ म्हणाले. "औंदा लवकर धरल्या."

वहिनींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग जरा मागे सरून पाठ टेकली आणि सुरू झाल्या. कुणाचा वाल, कुणी शेत विकलं, भाचीच्या सासूचं नाक कसं वर असतं, आहेराची साडी भाऊंनी कशी भडक घेतली. सगळं मला मागे ऐकू येत नव्हतं. भाऊंना येत होतं. "हां," "मग?" "तसं नाय, तो रंग दुकानात बरा दिसत होता," अशी त्यांची उत्तरं जिथल्या तिथे पडत होती. माझे डोळे भरून आले आणि पुसायला रुमाल होता तो बांगड्यांना बांधलेला.

नागोठण्याला रोह्याचा फाटा आला. भाऊंनी गाडी सरळ पुढे नेली.

"अवो, फाटा गेला ना मागं," वहिनी म्हणाल्या.

"आयकलं मी," भाऊ म्हणाले. "खांब गावावरनं जाऊ. लांब पडतं जरा. तू बोल."