गुरुदासभाऊंचा आयडल

आमच्या शेजारचे गुरुदासभाऊ कुणाच्याही घरी जेवायला बसले की आमटीचा पहिला भुरका घेऊन डोळे मिटतात आणि निकाल देतात. "लीन झाली गे." म्हणजे नारळ कमी पडला. नारळ जास्त झाला तर "रिच". इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं तर लीन आणि जास्त झालं तर रिच, हे मला फार उशिरा कळलं. तोवर माझी सासू त्यांच्यावर रुसून बसली होती, कारण तिच्या हुमणाला, म्हणजे माशांच्या कालवणाला, ते म्हणाले होते, "रिच आसा, पण वरच्या आरपीएमाक चलात."

भाऊ मूळचे दोडामार्गाकडचे. गोव्यात पाळी गावच्या खाणीवर ट्रक दुरुस्त करायला आले आणि आमच्या वाड्यावरच राहिले. खाणी बंद पडल्या, ट्रक गवतात उभे राहिले, तेव्हा त्यांनी एक जुनी लाल गाडी घेतली आणि तिचं इंजिन उघडून त्यात सगळं आपल्या मनासारखं बसवलं. पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, इंजिनाचे वाल, म्हणजे झडपा, उघडणारा कोल्हापूरहून घासून आणलेला कॅम, आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारी एक पेटी. ही पेटी लॅपटॉपला जोडून शिकवावी लागते. लॅपटॉप बियरच्या खोक्यावर, त्यासमोर पाट, पाटावर मांडी घालून भाऊ. लांबून बघणाऱ्याला वाटावं सत्यनारायण चालला आहे.

गाडी उभी असताना इंजिन जे संथ चालत राहतं त्याला ते आयडल म्हणतात. माणसांनाही आयडल असतो असं त्यांचं मत. "माणूस धावताना कसो आसा ता बघू नये. उभो रवलो काय कसो रवता, ता बघूचा." या मापानं त्यांनी अख्खा गाव मोजला आहे. सरपंचांना वर पॉवर आहे पण आयडल नाही. भटजींना सकाळचा स्टार्ट प्रॉब्लेम. माझ्या नवऱ्याला ते तोंडावर सांगतात, "तू नुसतो आयडल. गिअर पडूकच नाय तुका."

मी घरी शिवणकाम करते. एकदा जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, मशीन चालवत बसले होते, तर भाऊ बाहेर येऊन उभे राहिले. बराच वेळ ऐकलं. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "वयनीचो पाय एकसारखो चलता. थोडो वेळ माका होयो."

"घेवन जा," नवरा म्हणाला. "पण पाय परत आणून दी."

मला कुणासमोर जायला आवडत नाही. पण गेले. गाडी चारी बाजूंनी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चाकं हवेत. मला चालकाच्या जागेवर बसवलं. "तीन हजारार धरा, हालवू नका." मी पाय दाबला. आरपीएमचा काटा चढला आणि थांबला. सगळं अंगण थरथरत होतं, कोंबड्या पळाल्या, आणि ते सगळं माझ्या टाचेपाशी होतं. भाऊ लॅपटॉपमध्ये एकेक आकडा बदलत होते आणि मान हलवत होते. आमच्याकडे कुणी माझ्या पायाला असं महत्त्व आजवर दिलं नव्हतं.

मग एका दुपारी आम्हा दोघांना बसवून त्यांनी गाडी खाणीच्या रस्त्यावर नेली. तिथे आता ट्रक नाहीत, फक्त लाल माती. "बसा घट्ट," म्हणाले. चार हजारापर्यंत ती गाडीच होती. पाच हजारांनंतर आवाज बदलला. मोठा झाला असं नाही, एकसंध झाला, कापड एका ओढीत फाटावं तसा. सात हजारांवर काटा गेला तेव्हा माझी पाठ सीटमध्ये रुतली होती आणि मला भीती वाटायची राहून गेली. नवरा मागून देवाचं नाव घेत होता. भाऊंच्या हाताखालून एवढी मोठी गोष्ट निघते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पण उभी राहिली की तीच गाडी तापानं फणफणलेल्या माणसासारखी थडथडायची आणि गप्पकन बंद पडायची. मी विचारलं, असं का? मला चौथीपर्यंतचं कळतं, म्हणून त्यांनी तेवढंच सांगितलं. "वाल म्हणजे दारां. धावूक होया तर दारां मोठी होयी, जास्त येळ उघडी होयी. पण त्याच दारांनी थंड बसूचा म्हटला, तर वारो भितर येता आणि दिवो विझता."

बरीच वर्षं त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मग त्यांच्या मुलीला, सुविधाला, सातवा लागला. तिचं सासर मुरगावला. आई नाही, ती सुविधाच्या लग्नाआधीच गेली. भाऊंनी बाळंतपणाला माहेरी न्यायची गोष्ट काढली, तर विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या त्या हादरणाऱ्या गाडीतून पोरीला आम्ही पाठवायचो नाही."

दुसरा कुणी असता तर भाड्याची गाडी केली असती. भाऊंनी इंजिन उघडलं.

कॅम काढला नाही. वरची ताकद पण हवी आणि खाली शांतपणा पण हवा. दिवसभर गाडी उभी करून सुरू ठेवायचे. इंजिन गार करणारा पंखा लागला की इंजिन दचकायचं आणि मरायचं. पुन्हा पेटीला शिकवायचे की असं पडायला लागलं तर ठिणगी जराशी आधी दे. "पडता तेव्हा ओरडूचा नाय," मला म्हणाले. "हात देवचो." आठवडे गेले. आमटीबद्दल बोलणं बंद झालं, यावरून मला काळजी वाटली.

एक दिवस हाक आली. मी पुढे बसले, ब्रेकवर पाय ठेवून. भाऊ मागच्या सीटवर बसले, मांडीवर सातव्या महिन्याच्या पोटाएवढा कोहळा घेऊन, दोन्ही हात त्याच्यावर. "दिवे लावा. आता स्टेअरिंग फिरवा." पंखा लागला. काटा जरा खाली गेला, आणि परत आला. भाऊ डोळे मिटून होते.

"कोहळो हालूक नाय, वयनी!"

आम्ही मुरगावला गेलो. गाडीत बाईमाणूस हवं म्हणून मला नेलं. भाऊंनी फाटकासमोर गाडी सुरूच ठेवली आणि विहीणबाईंना बाहेर बोलावलं. "हात लावून बघा."

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. खरंच काही हादरत नव्हतं. भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"गाडीचं सोडा हो," त्या म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, हळूच बोलल्या. "ते मी आपलं काहीतरी सांगितलं. तुमच्या घरात बाई नाही. पहिलटकरीण ती. काही दुखलं-खुपलं तर कुणाला सांगणार? तुम्हाला?"

भाऊंना हे सुचलंच नव्हतं. गाडी वाईट म्हणाल्या, म्हणून त्यांनी गाडी चांगली केली होती. तेवढ्यात पंखा लागला, इंजिन जरा खाली गेलं आणि सावरलं.

मग भाऊ म्हणाले, "पाणी मी तापयतंय. तिची आवस, माझी बायल, आजारी होती तेव्हा मीच सगळा केलंय. तिचे केस पण मीच विंचरले."

दोन अंगणं जोडून असूनही हे मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "मी भिंतीपलीकडेच असते."

विहीणबाईंनी आम्हा दोघांकडे बघितलं आणि आत हाक मारली, "सुविधा, बॅग भर गो."

परतताना कुठ्ठाळीला गाड्यांची रांग लागली होती. सुविधा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. रांग हलली, पण भाऊ हलले नाहीत. मागून हॉर्न सुरू झाले. एका ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढलं, "ओ मामा, बंद पडली काय? धक्का मारू?"

एरवी भाऊंनी त्याला सात हजार दाखवले असते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानं त्याला पुढे जायची खूण केली.

"ह्या क्लचाक सुटताना हिसको बसता," मला हळू आवाजात म्हणाले. "चेडू निजलाहा."

आणि मग एकेक गाडी आमच्या बाजूनं पुढे जात राहिली.