पाच पायांचा हत्ती

आमचे शेजारी बबनभाऊ पेंटर बोलता बोलता एकदम हात वर करतात आणि म्हणतात, "थांबा. आली."

म्हणजे आयडिया आली. मग दुधाच्या पिशवीतून चित्रकलेची वही निघते आणि समोरच्यानं, तोंडात घास असला तरी, तसंच थांबायचं. एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली असताना आली. उरलेली अर्धी घेऊन हा गृहस्थ केनवडच्या बाजारात दोन तास फिरला.

पेंटर म्हणजे लग्नघराच्या भिंती रंगवणारे. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, मोर, केळीचे खांब आणि वर नवरानवरीची नावं. माझ्या लग्नातला हत्ती यांचाच. त्याला पाच पाय होते. पाहुणे बोटं दाखवून हसले. मी विचारलं तर म्हणाले, "तो चालून राह्यला ना. उचललेला पाय बी दिसला पाह्यजे. तुले कला समजत नाही, तू किराणा इक."

आता फ्लेक्स आले आणि भिंती बंद झाल्या. हा माणूस मात्र वही भरतोच आहे. गिऱ्हाईक नाही, भिंत नाही, आणि वही कोणाला दाखवायचीही नाही. "आयडिया चोरतेत लोक." अहो, पाच पायांचा हत्ती चोरून कोण नेणार आणि बांधणार कुठे?

यंदा माझ्या लेकीचं, पूजाचं लग्न ठरलं. बबनभाऊ दुकानात आले आणि म्हणाले, "भिंत देतं काय?" मी म्हणालो, "रिसोडले फ्लेक्स छापाले टाकला भाऊ. त्यात हत्तीले चारच पाय येतेत." दुकानातली माणसं हसली. बबनभाऊ "बरं" म्हणून निघून गेले, आणि वही काउंटरवरच राहिली.

मी लगेच उघडली. चार जणांत दाखवून मजा करायचा बेतच होता माझा. पानापानावर एकच दार होतं, त्यांच्या स्वतःच्या घराचं. दर पानावर वेगळे हत्ती, वेगळे मोर, आणि वर नाव मात्र एकच: चि. सौ. कां. वैशाली. वैशाली ही त्यांची एकुलती लेक. तिनं पुण्याला नोंदणी लग्न केलं आणि बापाला फोनवर कळवलं, त्याला पाच वर्षं झाली. शेवटच्या पानावरचा रंग अजून बोटाला लागत होता.

मला स्वतःची लाज वाटली. वही पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेलो.

"बबनभाऊ, भिंत तुमीच रंगवा."

"अन् फ्लेक्स?"

"तो मागच्या दारी लावतो."

त्यांनी वही चाचपली. "उघडली काय रे?"

"नाही," मी खोटं बोललो.

दोन दिवस ते शिडीवर होते. एकदाही हात वर केला नाही. शेवटी नाव लिहायला घेतलं. माझी बायको चहा घेऊन बाहेर आली, तर भिंतीवर ठसठशीत अक्षरात चि. सौ. कां. वैशाली.

"हात चुकला माय," ते म्हणाले आणि फडक्यानं पुसायला लागले. पुसता पुसता रडायला लागले. बायकोनं फडकं काढून घेतलं. "राहू द्या भाऊ. वाळलं की वरतून लिहा पूजाचं."

अजूनही नीट पाहिलं तर पूजाच्या नावाखाली वैशाली वाचता येते. हत्तीला पाय पाचच आहेत. लग्नात व्याही ते मोजून हसायला लागले, तेव्हा मी म्हणालो, "चालून राह्यला तो."